निरोगी माणसाचा तक्ता

तिसरी घंटा झाली, दिवे मालवले, पडदा वर गेला असं समजा. समोर लांबलचक व्हरांडा, बरोब्बर तीस मीटरचा. दोन्ही टोकांना एकेक नारिंगी प्लास्टिकचा शंकू आणि मधल्या फरशीवर दर तीन मीटरला चिकटवलेली पिवळी पट्टी. डाव्या विंगेत एक लोखंडी खुर्ची. उजव्या विंगेत दार, दारावर पाटी: 'श्वास तपासणी. शांतता राखा.' आणि त्याच दारातून असा काही आरडाओरडा चाललाय की बाकावर बसलेली माणसं एकमेकांकडे बघतायत.

"घ्या, घ्या, घ्या, भरा, अजून भरा, पार गळ्यापर्यंत! आणि फुंका! फुंका फुंका फुंका, थांबू नका, आहे, अजून आहे, पिळा, शेवटचा थेंब पिळा... सुटलात!"

हे आमचे नायक. इस्पितळात त्यांना सगळे दममास्तर म्हणत. उंचीनं ताडमाड, खांद्यात किंचित वाकलेले, सत्तावन्न वर्षांचे. पांढरा कोट कायम एका बटणानं कमी. दार उघडून पुढच्या माणसाला हाक मारायचे तेव्हा आवाज इतका मऊ असायचा, की आत ओरडणारा दुसराच कुणी असावा असं वाटे. माझं उभं आयुष्य रंगमंचावर गेलं. मोठे नट पाहिले, त्याहून मोठे नाटकी लोक पाहिले. पण दिवसातून पंधरा वेळा तोच संवाद, पंधरा वेळा नव्यानं जीव तोडून म्हणणारा माणूस मी एवढा एकच पाहिला.

मी त्यांच्याकडे गेले ती न्यूमोनियातून उठल्यावर. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की वर्षातून एकदा फुंकून दाखवायचं. पहिल्या खेपेला मास्तरांनी माझ्या नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली आणि म्हणाले, "बाई, लाजायचं नाही. इथं सगळे माकडासारखेच दिसतात."

"मास्तर, मी चाळीस वर्षं लोकांसमोर रंग फासून उभी राहिले. मला कसली लाज?"

"मग फुंका. टाळ्या मी वाजवतो."

आणि खरंच वाजवल्या.

त्यांना बोलायला आवडे, पण कामाबद्दलच. घर, पाऊसपाणी, राजकारण, यातलं काही विचारलं तर "चाललंय" एवढंच. श्वासाबद्दल विचारलं की मात्र खुर्ची पुढे ओढून बसत.

"आता बघा, तुम्ही नुसत्या बसल्यात. मिनिटाला बारा-चौदा वेळा श्वास चाललाय, दर वेळी अर्धा लिटर. त्या अर्ध्या लिटरातला जवळजवळ तिसरा हिस्सा नुसता नळ्यांमध्ये फिरून परत येतो, आत पोचतच नाही. पाहुणा यावा आणि जिन्यातूनच परत जावा, तसा. उरलेला वायुकोशांत जातो. तीस कोटींच्या वर बारीक फुगे आहेत तुमच्या छातीत, बाई. सगळे फाडून अंथरले तर चार खोल्यांच्या घराची फरशी झाकली जाईल. तिथं प्राणवायू रक्तात उतरतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो."

"आणि हे सगळं ओढतं कोण?"

"श्वासपटल. बरगड्यांच्या खाली घुमटासारखा स्नायू आहे. तो खाली सपाट होतो, छाती मोठी होते, हवा आपसूक आत येते. सोडताना काही करायचं नाही. ताणलेलं रबर सोडल्यासारखी फुप्फुसं आपली आपण मिटतात. बसलेल्या माणसाला श्वास घ्यायचे कष्ट, सोडायचा फुकट."

"आणि पळणाऱ्याला?"

"त्याला फुकट काही नाही!" मास्तर खूश होऊन म्हणाले. "आधी श्वास खोल होतो, मग भराभर होतो. अर्ध्या लिटरचे दोन-अडीच लिटर होतात. बरगड्यांमधले स्नायू, मानेचे स्नायू, सगळे कामाला लागतात. सोडतानासुद्धा पोट दाबून हवा बाहेर ढकलावी लागते. बसल्या जागी मिनिटाला सहा-सात लिटर लागतात. जोरात सायकल मारणारा तरणाबांड पोरगा शंभराच्या वर नेतो. आणि गंमत ऐका. धाप लागते ती बहुतेकदा प्राणवायू कमी पडला म्हणून नाही. स्नायूंनी केलेला कार्बन डायऑक्साइड साचतो ना, तो बाहेर टाकायची घाई असते मेंदूला."

मी त्यांना माझी एक जुनी गोष्ट सांगितली. एका नाटकात दुसऱ्या अंकाच्या आरंभी मला धापा टाकत येऊन वाईट बातमी सांगायची असे. विंगेत मी नुसती उभी असायचे, पाऊलही उचललेलं नसायचं, आणि तरी प्रवेशाच्या आधीच माझा श्वास वाढायचा. आमचे दिग्दर्शक म्हणायचे, ही अंगात भूमिका आली. मी तीस वर्षं तेच समजून चालले होते.

"भूमिकाबिमिका काही नाही," मास्तर म्हणाले. "आता पळायचंय हे मेंदूला कळलं की तो छातीला आधीच निरोप धाडतो. पहिल्या पावलालाच श्वास वाढतो. रक्तात काही बदलायच्या आत. सगळ्यांचंच होतं तसं."

माझ्या तीस वर्षांच्या अभिनयाचा असा निकाल लागला. पण राग आला नाही. इतक्या प्रेमानं कुणी पोल खोलली नव्हती.

त्या खोलीच्या दारामागे, दार लावल्यावरच दिसेल असा, एक तक्ता होता. आलेखाचे कागद एकाला एक चिकटवून केलेला, खांद्यापासून पार जमिनीपर्यंत. त्यावर निळ्या शाईचे ठिपके.

"हा मी," मास्तर म्हणाले होते. "बावीस वर्षांचे सोमवार."

दर सोमवारी सकाळी यंत्राची दोनदा परीक्षा व्हायची. आधी तीन लिटरची एक भलीमोठी सिरिंज यंत्राला जोडायची आणि दांडा दाबायचा. यंत्रानं तीन लिटर दाखवले की पहिली परीक्षा पास. पण सिरिंज म्हणजे सिरिंज, ती काही माणसासारखी फुंकत नाही. म्हणून दुसरी परीक्षा माणसाची: ज्याची छाती ठणठणीत आहे, ज्याचा आकडा ठाऊक आहे, अशा एकानं दर आठवड्याला फुंकायचं. आकडा नेहमीसारखा आला की यंत्र बरं. तो ठणठणीत माणूस म्हणजे दममास्तर. मुळात ते वॉर्डात स्ट्रेचर ढकलायला लागले होते. यंत्र आलं त्या दिवशी तेव्हाच्या थोरल्या डॉक्टरांनी गंमत म्हणून सगळ्यांना फुंकायला लावलं, तर या स्ट्रेचरवाल्यानं पाच लिटरच्या वर आकडा नेला. डॉक्टर म्हणाले, हा माणूस म्हणजे आपलं माप. मग त्यांना शिकायला पाठवलं, कोट दिला, खोली दिली.

"वयाचा उतार असतो," तक्त्यावरून बोट फिरवत ते म्हणाले. "वर्षाला दोन मोठे चमचे कमी. पण बघा कसा सरळ उतरलाय. फूटपट्टी लावा."

बायकोच्या फोटोकडे बघावं तसे ते त्या रेघेकडे बघत. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती, हे मला पुढे कळलं. मुलगा दूरच्या शहरात. दर रविवारी फोन. "बाबा, बरं ना?" "बरं. तुझं?" "बरं. ठेवतो." मास्तरांनीच मला हा संवाद दोन्ही आवाजांत करून दाखवला, आणि नट नसूनही मुलाचा 'ठेवतो' इतका हुबेहूब केला की मी हसले. हसून झाल्यावर कळलं, की हसायचं नव्हतं.

वर्षानं मी पुन्हा गेले, तर दारावर कागद: 'यंत्र बंद आहे.' चार दिवसांनी गेले, तोच कागद. पुढच्या आठवड्यात तिसऱ्यांदा गेले. बाकावर पाच-सहा माणसं ताटकळलेली. एक बाई नवऱ्याला घेऊन दोन बस बदलून आलेली. तिचा नवरा बसल्या जागी खांदे वर उचलून श्वास ओढत होता.

"आज तरी होईल का हो?" ती प्रत्येकाला विचारत होती.

मी दार लोटून आत गेले. वयाचा आणि पांढऱ्या केसांचा तेवढा एक फायदा असतो, कुणी अडवत नाही. मास्तर यंत्राचं झाकण काढून बसले होते.

"बाई, आज नाही. यंत्र खोटं बोलतंय."

"काय म्हणतंय?"

"कमी दाखवतंय. लिटरभर कमी! गेले सहा-सात महिने जरा जरा, आता तर हद्द झाली. गाळणी बदलली, नळ्या बदलल्या. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. तो म्हणतो सगळं ठीक आहे. त्याला काय कळतंय!"

"आणि तुमची ती सिरिंज?"

"ती म्हणते तीन." मास्तर चिडून म्हणाले. "रबर झिजलं असेल म्हणून नवी मागवली. तीही म्हणते तीन. दोघी सामील आहेत."

मी दार लावून घेतलं आणि तक्ता पाहिला. निळी रेघ इतकी वर्षं शिस्तीत उतरली होती. पण शेवटची दोन बोटं जागा निराळी होती. तिथले ठिपके पेन्सिलीचे, आणि जिन्यावरून पाय घसरावा तसे खाली गेलेले.

"हे पेन्सिलीनं का?"

"यंत्र दुरुस्त झालं की खोडायचे ना."

आता माझं शिक्षण बेताचंच. पण रंगमंचावर एक गोष्ट मी शिकले. दोन पात्रं एकमेकांना खोटं पाडत असली की तिसरं पात्र आत पाठवायचं. मी म्हणाले, "मास्तर, माझा मागच्या वर्षीचा आकडा आहे ना तुमच्याकडे? मला फुंकू द्या. यंत्र चोर असेल तर माझेही खिसे कापील."

त्यांनी नाइलाजानं झाकण लावलं, चिमटा दिला. त्या दिवशी त्यांनी 'घ्या घ्या' म्हटलं, पण आवाज फुटत नव्हता. मध्येच स्वतःलाच खोकला आला. कोरडा, बारीक. मी तीनदा फुंकलं.

मागच्या वर्षी एक लिटर नव्वद शतांश. या वर्षी एक लिटर सत्त्याऐंशी. दोन मोठे चमचे.

मास्तरांनी यंत्राच्या पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. माझ्याशी तरी यंत्र खोटं बोललं नव्हतं. मग त्यांनी उठून दारावरचा कागद काढला, चार घड्या करून खिशात घातला, आणि बाहेर जाऊन त्या बाईच्या नवऱ्याला आत बोलावलं. मग एकेक करून सगळ्यांना. तोच ओरडा, तेच "पिळा पिळा, सुटलात". मी बाकावर बसून ऐकत होते. दर माणसानंतर आत थोडी शांतता पसरायची. त्या शांततेत ते काय करत होते, ते मला कळत होतं. दम खात होते.

दुपारी व्हरांडा रिकामा झाला तेव्हा ते माझ्याकडे आले.

"बाई, एक काम कराल? कुणाला सांगायचं नाही."

"बोला."

"मला सहा मिनिटं चालवा."

रोग्यांसाठी तिथं ही आणखी एक परीक्षा असे. त्या दोन शंकूंमध्ये सहा मिनिटं जमेल तेवढं भराभर चालायचं, बोटाला रक्तातला प्राणवायू दाखवणारा चिमटा. घड्याळ हातात घेतलेल्यानं बोलायचं ते ठरलेलं. कागदावर छापलेली वाक्यं, ठरलेल्या मिनिटाला, ठरलेल्या सुरात. कारण शाबासकी जास्त दिली की माणूस जास्त चालतो आणि आकडा बिघडतो. मास्तरांनी मला कागद दिला आणि दम भरला. "एक शब्द पदरचा नको. तुम्हाला खोड असणार."

"डॉक्टरीणबाईंना का नाही सांगत?"

"सांगितलं, आणि खरं निघालं, तर खोली जाईल." ते शंकूपाशी उभे राहिले. "आजारी माणूस माप कसा होणार? मला नोंदणीच्या खिडकीवर बसवतील. तिथं काय, नाव, वय, पुढचा. इथं निदान माणूस माझ्यासमोर बसून श्वास घेतो. दिवसाचे पंधरा जण. बाकी दिवसभरात माझ्याशी कोण बोलतं, बाई?"

मी त्यांच्या बोटाला चिमटा लावला आणि घड्याळ हातात घेतलं. बोटाचा चिमटा सत्त्याण्णव दाखवत होता. बसलेला माणूस अगदी साजूक.

ते चालायला लागले. पहिलं मिनिट. मी वाचलं, "छान चाललंय. अजून पाच मिनिटं आहेत." दुसरं. "असंच चालू ठेवा. चार मिनिटं राहिली." त्यांची पावलं आखूड होत होती. मानेच्या शिरा वर आल्या, ओठ गोल झाले. त्यांनीच मला शिकवलेलं सगळं मला त्यांच्या अंगावर वाचता येत होतं. मानेचे स्नायू कामाला लागले, पोट आत दाबलं जाऊ लागलं. पण त्या पळणाऱ्या पोरासारखा श्वास खोल काही होत नव्हता, नुसताच भराभर. छोटे छोटे घोट. फुप्फुसांनी ताणायचं नाकारलं होतं.

"छान चाललंय. निम्मं झालं," मी वाचलं. आयुष्यात इतकं खोटं वाक्य मी इतक्या खऱ्या सुरात म्हटलं नव्हतं.

चौथ्या मिनिटाच्या आधी ते भिंतीला टेकले. चिमटा पंच्याऐंशी दाखवत होता. मला "अहो, बसा!" म्हणून धावायचं होतं. कागदावर त्यासाठीही वाक्य होतं. मी तेच वाचलं. "भिंतीला टेका. जमेल तेव्हा पुन्हा चाला." त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी पदरचं काही घातलं नाही, याची दाद होती ती. मग मी ठरलेलं सगळं टाकून खुर्ची ओढत नेली, आणि ते मुकाट बसले.

श्वास पुरता खाली बसायला पाच-सात मिनिटं लागली. मग बोलले, "बसलेल्या माणसाची फुप्फुसं लबाड असतात. इतकं जादा दिलेलं असतं आपल्याला, की बसल्या जागी त्यातलं थोडंसंच लागतं. बाकीचं गेलं तरी कळत नाही. जिना चढल्यावरच चोरी उघडी पडते. मी जिन्याला म्हणायचो, वय झालं."

"आता पुढे काय असतं?"

"पुढे फॉर्म." त्यांनी टेबलाच्या खणातून तो काढला आणि पेनासकट माझ्या हातात दिला. "विचारा."

मी विचारत गेले. सिगारेट? कधीच नाही. कामाच्या जागी धूळ? नाही. घरात ओल, बुरशी? नाही. पिसांची उशी? नाही.

"घरात पक्षी पाळले आहेत का?"

"नाही," मास्तर म्हणाले. झटकन. मग जरा थांबून, "घरात नाहीत."

"मग कुठे आहेत?"

"कबुतरं येतात. बाहेर. खिडकीत." त्यांनी चिमटा बोटातून काढला, परत घातला. "ही गेल्यावर तिच्या कुंड्या सुकल्या. त्यातल्या एका कुंडीत एका मादीनं अंडी घातली. म्हटलं राहू दे. मग दाणे ठेवायला लागलो. चार वाजता येतात, मी घरी पोचलो की."

"किती?"

"असतील चाळीसेक. एक लंगड्या आहे. एक हवालदार, तो सगळ्यांना हाकलतो. एक नवरी आहे, ती पाणी पिताना अशी मान..." त्यांनी मान करून दाखवली. आणि हात तसाच हवेत राहिला.

व्हरांड्यात कुठेतरी नळ गळत होता.

"बावीस वर्षं मी हा प्रश्न विचारतोय," ते म्हणाले. "लोक असंच म्हणतात. घरात नाहीत, बाहेर येतात. आणि मी काय करतो माहितीये? खूण करतो, 'हो'."

त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच्या फॉर्मवर, स्वतःच्या हातानं, 'हो'वर खूण केली. मग उठून खोलीत गेले. मी मागोमाग गेले. दार लावून ते तक्त्यासमोर उभे राहिले आणि पेन्सिलीचे ठिपके एकेक करून शाईनं पक्के केले. अठ्ठावीस ठिपके. शेवटी तारीख घातली, तक्ता भिंतीवरून सोडवला, गुंडाळी केली, आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडे चालू लागले. सावकाश, मध्ये एकदा थांबून.

डॉक्टरीणबाईंनी स्कॅन काढला. कबुतरांच्या विष्ठेची, पिसांची बारीक धूळ वर्षानुवर्षं आत जात होती आणि फुप्फुसं तिच्याशी भांडून भांडून जाड झाली होती, ताठ झाली होती. थोडं औषधानं निवळेल, थोडं कायमचं गेलं. पण कबुतरं बंद झाली तरच. बाई तरुण होत्या, तोंडानं फटकळ. "मास्तर, तुम्हीसुद्धा? तुम्ही?" एवढंच म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

खोली गेली. त्यांच्या जागी एक नवी मुलगी आली, खेळाडू, गालावर खळी. पहिल्या सोमवारी मास्तरांनीच तिला शिकवलं. नवा आलेखाचा कागद दारामागे लावून दिला. तिनं फुंकलं तेव्हा त्यांनी 'पिळा पिळा' म्हटलं नाही, नुसते मागे हात बांधून उभे राहिले. पहिला निळा ठिपका पडला. "छान," म्हणाले, आणि नोंदणीच्या खिडकीकडे गेले. नाव, वय, पुढचा.

त्यांचं घर मी त्यानंतर पाहिलं. तिसरा मजला, दोन खोल्या, एका माणसाचा एक कप, एक खुर्ची. दुसरी खुर्ची माळ्यावरून काढावी लागली. कुंड्या, विष्ठा, घरटी, सगळं साफ करायला दोन माणसं आली. मास्तरांना त्या दिवशी आत पाऊल टाकायची मनाई होती. ते खाली रस्त्यावर, समोरच्या पायरीवर तीन तास बसले. मी शेजारी. वरून पोती उतरत होती. मग जाळी बसली, खिडकी बंद झाली.

"मुलाला कळवलंत?"

"रविवारी फोन आला होता."

"मग?"

"म्हणाला, बरं ना? मी म्हटलं, बरं."

"मास्तर!"

"काय सांगू, बाई? एवढं लांबलचक वाक्य आमच्यात कधी झालंच नाही."

माझ्या घरी तरी फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं?

तेव्हापासून मी रोज त्यांच्याकडे जाते. दर मजल्याला थांबते. ते वर दार उघडून कठड्यापाशी उभे असतात आणि माझी धाप मोजतात. "आज दुसऱ्या मजल्यावर कमी थांबलात." चहा करतात. दर तीन महिन्यांनी ती खळीवाली मुलगी त्यांना फुंकायला लावते. आकडा वर गेला नाही, पण खालीही गेला नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, हेच यश.

पण चार वाजले की ती येतात. महिने झाले, तरी येतात. जाळीवर पंजे रोवून बसतात, घूं घूं करतात, जाळीतून बंद काचेवर चोच आपटतात. दाणे ठेवणारा माणूस आत आहे, त्यांना दिसतोय. तो उठत का नाही, हे त्यांना कुणी सांगायचं? मास्तर पाठ करून बसतात आणि मोठ्यानं बोलायला लागतात. श्वासाबद्दल, फुंकणाऱ्यांबद्दल, काहीही. मी जुन्या नाटकांतले प्रवेश म्हणून दाखवते, सगळी पात्रं मीच. कधी मीही चुकून बघते, तर एक लंगडं कबूतर एका पायावर तोल सावरत असतं. मी मास्तरांना सांगत नाही. ते विचारत नाहीत. अर्ध्या-पाऊण तासानं पंख फडफडतात आणि खिडकी रिकामी होते. मग आम्ही दोघंही एकदमच गप्प होतो.

काल माझ्या गुडघ्यानं दगा दिला आणि मला पोचायला सव्वाचार झाले. मास्तर कठड्यापाशी नव्हते. दार उघडं होतं. ते खिडकीसमोर उभे होते, एक हात कडीवर, बाहेर सगळी कबुतरं. मला पाहून त्यांनी हात खाली घेतला आणि चहा ठेवायला आत गेले. मी पुरे तीन प्रवेश म्हटले, त्यांनी दाद दिली.

निघताना ते जिन्यापर्यंत आले. मी दोन पायऱ्या उतरले तेव्हा वरून म्हणाले, "बाई, उद्या चारच्या आत या. एकटा असलो ना, की हात आपोआप कडीकडे जातो."